सतरा नंबरचा श्वास

मी सतरा नंबर बोलतोय. ‘बोलतोय’ हे आपलं म्हणायची रीत म्हणून म्हटलं. खरं तर आयुष्यभर मी दुसऱ्यांचंच बोललो. तारेतून जे आलं ते बाहेर टाकलं. स्वतःचं सांगायची ही पहिलीच वेळ, तेव्हा अडखळलो तर सांभाळून घ्या.

मी एक स्पीकर आहे. लाकडी खोकं, आत चुंबक, चुंबकाशी तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं आणि पुढे ताटलीएवढा कागदी पडदा. लोक चुंबकाचं वजन बघून माझी किंमत करतात, पण माझा जीव त्या कागदात आहे. कारखान्यात ज्या बाईने तो कागद कडेने चिकटवला, तिने डिंक लवकर वाळावा म्हणून गोल फिरवत त्यावर फुंकर घातली होती. तिथल्या साहेबांना ते चालत नसे, त्यासाठी पंखा होता. पण पंख्याने कागदाला सुरकुती पडते असं तिचं म्हणणं. जगात आल्यावर मला पहिला स्पर्श झाला तो त्या फुंकरीचा.

माझी पहिली नोकरी बसस्थानकावर. खांबावर उंच टांगून घेऊन बावीस वर्षं मी गाड्यांच्या वेळा सांगितल्या. तिथे माणसांची एक गंमत पाहिली. मी बोलायला लागलो की सगळे मान वर करून माझ्याकडे बघत, जणू बघितल्याने जास्त ऐकू येणार आहे. मग शेजारच्याला विचारत, “काय म्हणाला?” शेजारच्यालाही कळलेलं नसे, तरी तो ठामपणे काहीतरी सांगून मोकळा होई. गाडी वेळेवर आली तर माझं नाव कोणी काढत नसे. उशीर झाला की शिव्या मला.

पुढे स्थानकावर अक्षरं सरकणारे फलक लागले आणि मी खाली उतरलो. भंगारवाल्याच्या फळीवर, मोडक्या पंख्याच्या आडोशाला तीन वर्षं काढली. कोळ्यांनी माझ्या तोंडाला जाळं बांधलं. कोणाचंच काही बोलायचं नसलं की दिवस किती लांब होतो, हे तिथे कळलं.

एका दुपारी दोन माणसं आली. एक साठीचा वायरमन, खांद्याला पिशवी, कानावर पेन्सिल. दुसरी एक तरुण मुलगी, केस आखूड, हात धुळीने माखलेले. ती दूर देशी आवाजाचं शास्त्र शिकून परत आली होती. ज्या कापडगिरणीच्या भोंग्यावर तिच्या गावाने पन्नास वर्षं घड्याळं लावली, ती गिरणी बंद पडून ओस पडली होती. आता गावाने तिचं मोठं दालन सगळ्यांसाठी खुलं करायचं ठरवलं होतं आणि त्या दालनात काय असावं, हे या मुलीने मनाशी पक्कं केलं होतं. तिथे चित्रं नकोत, पुतळा नको. तिथे राबलेल्या चाळीस माणसांचे आवाज हवेत, चाळीस स्पीकरमधून, जो तो आपापल्या जागेवरून बोलणारा.

“नवे घ्या ना ताई,” वायरमन म्हणाला. “हे म्हातारे कशाला?”

“म्हाताऱ्या माणसांचे आवाज आहेत काका. यांच्या तोंडी शोभतील.”

ती प्रत्येक स्पीकरला कान लावून बघत होती, म्हणून भंगारवाल्याने तिथल्या तिथे तिचं नाव ‘कानवाली’ ठेवलं. ते तिला चिकटलं. वायरमनची पद्धत वेगळी. त्याने माझ्या तारा आपल्या मीटरला जोडल्या आणि माझ्या पडद्यावर हलकेच फुंकलं. मीटरचा काटा जरासा थरथरला.

“हे काय केलंत?” तिने विचारलं.

“वीज आत गेली की हा बोलतो. पण याच्यावर फुंकलं तर उलटंही होतं, याच्याकडून वीज बाहेर जाते. कणभरच. काटा हलला म्हणजे जीव आहे.”

असा मी गिरणीत आलो.

ते दालन तुम्ही पाहिलंय का? छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, प्रत्येक दात्याला खिडक्यांची ओळ. उजेड वरून येतो आणि कुठेच सावली पडू देत नाही. माग कधीच विकले गेले, पण जमिनीत त्यांच्या बोल्टांची भोकं आहेत आणि प्रत्येक भोकाभोवती तेलाचा काळा डाग. पुसून जात नाही. कानवालीने जुने नकाशे बघून कोण कुठे उभं राहत होतं ते शोधलं आणि त्या त्या डागावर एकेक स्पीकर टांगला, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. माझ्या वाट्याला सतरा नंबरचा माग आला. शेजारी सोळा.

सोळामध्ये जिचा आवाज होता ती म्हातारी अजून धडधाकट होती. सतराची बाई मात्र आवाज भरून दिल्यावर दोन महिन्यांनी गेली. तिला एकच मुलगी. ती लांबच्या शहरात, एका रुग्णालयाच्या चौकशीच्या खिडकीत नोकरीला. आईच्या दहाव्याला तिने कानवालीला एवढंच विचारलं होतं, “आईने तुमच्याकडे काय काय सांगून ठेवलंय?” कानवाली म्हणाली होती, “चाळीस मिनिटं बोलल्यात. माझ्याकडून तुकड्यातुकड्याने नको, इथे येऊन त्यांच्या जागेवर उभ्या राहून ऐका.” तिने स्वतःही ते ऐकलं नव्हतं. चाळीसही आवाज पहिल्यांदा आपापल्या जागीच ऐकायचे, असा तिचा नेम होता. तरुण माणसांचे नेम असतात तसा. चांगला, आणि थोडा महाग पडणारा.

उद्घाटनाला चार दिवस असताना तिने एकेक तार जोडायला घेतली. पहिल्या स्पीकरमधून रंगखात्यातला माणूस बोलला. पाचव्यातून झाडूवाली गुणगुणली. सोळातली म्हातारी नवऱ्याला शिव्यांची लाखोली वाहत होती. मग माझी पाळी आली.

माझ्यातून श्वास आला. नुसता श्वास. मध्येच बारीकशी फुंकर, मध्येच जीभ टाळूला लागल्याची ‘टक’, मध्येच काहीतरी ओढून घेतल्याचा ‘सुर्र’ आवाज. शब्द एकही नाही.

“चुंबक गेलं याचं,” वायरमन म्हणाला. त्याने माझी तार काढून अठराला लावली आणि अठराची मला. अठरातला फिटर माझ्यातून खणखणीत बोलला. माझा श्वास अठरामधून तसाच आला. दोष माझा नव्हता.

कानवाली तेलाच्या डागावरच बसली. चाळीस मिनिटं तिने तो श्वास ऐकला. मग म्हणाली, “माईक नीट लागला नव्हता काका. मी काचेबाहेरून बघत होते. त्यांचे ओठ हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. मी आवाजाचा काटा बघितलाच नाही. मी त्यांच्याकडेच बघत बसले.”

वायरमनने पेन्सिल कानावरून काढली, परत ठेवली. “मुलगी कधी येतेय?”

“परवा.”

संध्याकाळी दालनाचे व्यवस्थापक साहेब आले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. म्हणाले, “रिकामा डबा कशाला टांगायचा? काढून टाका. एकोणचाळीस काय, चाळीस काय, मोजतंय कोण? नाहीतर दुसऱ्या कोणाचं तरी लावा. कोणाला कळणार आहे?”

“तिच्या मुलीला कळेल,” कानवाली म्हणाली.

पण रात्रभर तो विचार तिच्या मनात मुरला असावा, कारण दुसऱ्या दिवशी तिनेच ते केलं. सोळातल्या म्हातारीकडून आणि इतरांकडून त्या बाईबद्दल जे जे कळलं होतं, त्यावरून तिने दोन पानं लिहिली. वायरमनच्या बायकोचा आवाज तसाच भरड आणि मायेचा होता. तिने ती पानं वाचून दिली. वाचताना बिचारी स्वतःच रडली. ‘लेकी, तू सुखात राहा, माझा तुझ्यावर राग नाही’ असा शेवट होता. दुपारभर मी ते बोललो. वाक्यं चांगली होती, आवाज गोड होता, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली. बसस्थानकावर मी चुकीची वेळ पुष्कळदा सांगितली, पण चुकीचं माणूस कधी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्यांदा ते ऐकताना कानवालीने हात उचलून तार खेचून काढली.

“राहू द्या ना ताई. पोरीच्या जिवाला बरं वाटेल.”

“माझ्या जिवाला बरं वाटेल काका. तिला एका परक्या बाईचा निरोप मिळेल.” तिने पानं घडी करून खिशात ठेवली आणि मला पुन्हा माझा श्वास जोडला.

मुलगी आली ती सकाळी, सोळातल्या म्हातारीला हाताला धरून. तीसेक वर्षांची, झोप न झालेली. म्हातारी दारातूनच मोठ्याने बोलत आली. अर्धं आयुष्य मागांच्या धडधडीत गेल्याने तिला काहीच ऐकू येत नव्हतं. आपण मोठ्याने बोलतोय हेसुद्धा. समोरच्याच्या ओठांकडे बघून ती सगळं ओळखायची.

“माझा डबा कुठला गं?”

“हा मावशी. सोळा.”

म्हातारीने त्याला थोपटलं. “काय बोलते मी?”

“नवऱ्याला शिव्या देताय.”

“मग बरोबर आहे.”

मुलगी हसली नाही. ती माझ्यासमोर उभी राहिली. “आईचा हा?”

कानवालीने एका दमात सांगून टाकलं. माईक, काच, न बघितलेला काटा. मध्ये एक दिवस खोटा आवाज लावला होता, तेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती. “चूक माझी आहे. तुमच्या आईंचा शब्द माझ्या हातून गेला.”

मुलीने माझ्या लाकडावरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाली, “आई फोनवर फक्त बोलायची. मागांमुळे तिलाही ऐकू यायचं नाही ना. आपलं सांगून झालं की ठेवून द्यायची. शेवटच्या फोनला म्हणाली, ‘सगळं तिथे बोलून ठेवलंय. मी असेन नसेन, जाऊन ऐक.’ मी रजा टाकून आले.” तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. “तुम्हाला माहितीय मी कशासाठी आले? घर सोडून नोकरीला निघाले त्या दिवशी आमचं भांडण झालं. ती दारात उभी राहून काहीतरी सांगत होती. मी पाठ फिरवली. तेच ती इथे बोलली असेल असं वाटलं होतं.”

“पाठ फिरवली तरी ऐकू आलं असेल ना?”

“नाही. लावा तुम्ही. आहे ते लावा.”

कानवालीने लावलं. माझ्यातून श्वास आला, फुंकर आली, तो ‘सुर्र’ आवाज आला. मुलीने डोळे मिटले होते. ते तिने खाडकन उघडले.

“माईक चालू होता,” ती म्हणाली.

“काय?”

“माईक नीट होता. आईच आवाज काढत नव्हती. तुम्ही तिच्या कानाला काही लावलं होतं का?”

कानवाली गोंधळली. “त्या बोलतच नव्हत्या. विचारलं की नुसती मान हलवायच्या. म्हणून मी हेडफोनवर मागांचा जुना आवाज लावून दिला. मोठ्याने, त्यांना जाणवेल इतका. म्हटलं, आठवणी जाग्या होतील. आणि झाल्याही. लगेच ओठ हलायला लागले.”

“हलणारच. मागांच्या आवाजात कोणी आवाज काढून बोलतं का? कानात ओरडलं तरी ऐकू यायचं नाही तिथे. ओठ मोठे हलवायचे आणि समोरच्याने ते वाचायचे. तुम्ही तिला परत मागावर नेऊन उभं केलंत, ती तिथल्यासारखीच बोलली.”

“मला कोणीच सांगितलं नाही हे.”

“तुम्ही सगळ्यांना आवाजाबद्दल विचारलंत. हे कोण कशाला सांगेल?”

कानवाली खाली बघत राहिली. एवढं शिकली होती, पण आवाज नसलेलं बोलणं तिच्या वहीत कुठे नव्हतं.

“घरीसुद्धा ती असंच बोलायची,” मुलगी सांगत होती. आता ती माझ्याशीच बोलत होती. “रागवायची मोठ्याने. सगळी चाळ ऐकायची. पण मनातलं काही असलं की आवाज बंद आणि ओठ चालू. मला शाळेत असताना लाज वाटायची त्याची. आणि अशा माणसाला गप्प करायला काही करावं लागत नाही. तोंड दुसरीकडे वळवलं की झालं.”

म्हणजे दाराशी ती तेच करून गेली होती. आणि आता आईचा श्वास होता, पण ओठ नव्हते.

सोळातल्या म्हातारीचा इकडे धीर सुटत चालला होता. “बंद आहे का हा? कोणी काही बोलत का नाही?” म्हणत तिने पुढे होऊन आपला पंजा सरळ माझ्या पडद्यावर ठेवला. वायरमन ‘अहो, फाटेल’ म्हणत पुढे आला, पण कानवालीने त्याला थांबवलं.

म्हातारीची बोटं कडक होती, सुताने कापून कापून घट्टे पडलेली. पण पडद्यावर ती पिसासारखी टेकली.

“बंद नाही,” ती म्हणाली. “वारा येतोय.” मग थोड्या वेळाने, “ही धोट्यातून सूत ओढतेय. तोंडाने ओढायचो आम्ही, सवय जात नाही.” धोटा म्हणजे सूत घेऊन मागात इकडून तिकडे धावतो तो लाकडी तुकडा. त्याच्या भोकाला ओठ लावून सुताचं टोक ओढून घ्यायचं असतं. तो ‘सुर्र’ आवाज त्याचा होता.

मग तिची बोटं स्थिर झाली. तिने मुलीचा हात धरून आपल्या हाताशेजारी ठेवला.

“बघ. आत्ता. धप, धप. दोन. कळलं?”

“हो. काय आहे ते?”

“पोपट.”

मुलीचं लाडाचं नाव पोपट होतं. तिने हात काढला नाही, पण तिचा चेहरा बदलला. “कशावरून?”

“ओठ दोनदा मिटतात, दोनदा वारा सुटतो. पो, प. तुझ्या आईशेजारी मी सव्वीस वर्षं उभी होते. दुसरं काही ओळखणार नाही, हे ओळखीन.”

“मी बडबडी होते म्हणून पोपट म्हणायची ती.”

“बडबडी? तुझं नाव ठेवलं तेव्हा तुला बोलता कुठे येत होतं? तू तिथे खिडकीपाशी झोळीत असायचीस. आई मागावरून हलू शकत नव्हती. लांबून ओठांवर दिसेल असं नाव पाहिजे होतं. आम्ही दोघींनी मिळून शोधलं. तू तिच्याकडे बघितलंस की ती म्हणायची, पोपट. तू हसायचीस. आवाज तुझ्यापर्यंत कधी गेलाच नाही, पण नाव तुला माहीत होतं.”

मुलगी चाळीस मिनिटं हात ठेवून उभी राहिली. शेजारी म्हातारी एक हात पडद्यावर ठेवून दुसऱ्या हाताची बोटं मिटत उघडत होती. मागावर फेऱ्या मोजायची तशी. वायरमनने स्टूल आणून दिलं, दोघींपैकी कोणी बसलं नाही. शेवटचा श्वास संपला तेव्हा म्हातारी म्हणाली, “एकसष्ट वेळा.”

“आणि बाकीचं? बाकी काय म्हणाली?”

“ते मला कसं कळणार? मी काय देव आहे?” मग तिने मुलीचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला, ओठ दिसतील असा. “पण रागावलेलं माणूस एकसष्ट वेळा लाडाचं नाव घेत नाही. एवढं मला कळतं.”

मुलगी तेव्हा रडली. आवाज न करता. तेही आईकडूनच आलं असावं.

मी जागेवरच राहिलो. साहेब आधी कुरकुरले, मग स्वतः हात ठेवून गेले आणि पुन्हा काही बोलले नाहीत. कानवालीने दोनच बदल केले. मला छातीच्या उंचीवर आणलं, आणि दर तासाला बाकीच्या एकोणचाळीस जणांना चार मिनिटं गप्प केलं. तुम्ही दालनात असाल आणि एकदम शांत झालं, तर ती माझी वेळ. एवढ्या मोठ्या छपराखाली एका बाईचा श्वास तेवढा उरतो. बोलणारी माणसं वाक्य अर्धं सोडतात. बूट वाजवत चालणारे उभे राहतात. मग एकेक जण येऊन हात ठेवतो. मान वर करून ‘काय म्हणाला?’ असं इथे कोणी विचारत नाही.

याला दोन वर्षं झाली. हजारो हातांनी माझा कागद काळवंडलाय, कडेला तडा गेलाय. वायरमन म्हणतो, पडदा बदलायला हवा. म्हातारी म्हणते, हात लाव बघू. ती अजून येते, सोळाला थोपटून मगच माझ्याकडे वळते. मला फार दिवस नाहीत, हे मला कळतं. कागद तो कागद. म्हणून एक सांगायचं ते आताच सांगतो. तुमच्या घरात कोणी तोंडातल्या तोंडात बोलत असेल, तर कळलं नाही तरी चालेल, पण पाठ फिरवू नका. निदान त्याच्याकडे बघा. बोलणाऱ्याला तेवढं पुरतं. मी इतक्या जणांचं बोललोय, मला माहीत आहे.

गेल्या महिन्यात मुलगी आली होती. माझी चार मिनिटं संपून गेली होती. आजूबाजूला एकोणचाळीस जण बोलत होते, माझी तार तेवढी मुकी होती. तिने हात ठेवला नाही. ती वाकून जवळ आली, अगदी जवळ, आणि आवाज न काढता बोलायला लागली. ओठ मोठे हलवून, सावकाश. काय म्हणाली ते मला कळलं नाही, ओठ वाचायला मी कधी शिकलो नाही. पण तिचा श्वास माझ्या तडकलेल्या कागदावर येत होता आणि मध्ये मध्ये ओठ मिटले की एकेक फुंकर लागत होती. प्रत्येक फुंकरीला माझा पडदा आत दबत होता.

वायरमनने त्या दिवशी भंगाराच्या दुकानात सांगितलेलं मला आठवलं. आयुष्यभर ज्या तारेतून सगळं माझ्याकडे आलं, त्या तारेतून त्या वेळी पहिल्यांदाच कोणाचं तरी बोलणं माझ्याकडून निघालं. कणभरच. काटा जरासा हलेल इतकं. पुढे ते कुठवर पोचलं, मला ठाऊक नाही. मी माझ्याकडून पाठवलं आहे.